पेरूच्या जागचं आळं

१

आमच्या परसात अकरा झाडं आहेत. प्रत्येकाच्या बुंध्याशी पाणी राहायला मातीचं एक आळं, म्हणजे आळीही अकरा. हे मी एवढं ठासून सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवली. मोजण्यात माझी चूक होत नाही, आणि ज्यांची होते त्यांचा मला राग येतो.

बाग तशी माझी नव्हतीच. ती आबांची. आबा म्हणजे माझे यजमान. मुलगा भाग्येश बोलायला लागला तेव्हापासून मीही त्यांना आबाच म्हणते. प्रकाशा या तीर्थाच्या गावाच्या कडेला आम्ही घर बांधलं तेव्हा मागे नुसता मुरूम होता. आबांनी तापीकाठची गाळाची माती बैलगाडीने आणून टाकली आणि हायस्कुलातली कारकुनी सांभाळून ते तीस वर्षं तिथे राबले. लिंबं, सीताफळ, शेवगा, चिकू, मोगऱ्याचा मांडव. दुसऱ्या कुणी कुदळीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मी एकदा मोगरा छाटला तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मोगऱ्याशी मात्र बोलत होते.

तीन वर्षांपूर्वी माघात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, रोज बोलतं करा, शब्द हळूहळू परत येतील. मी त्यांची खाट मागच्या खोलीत, परसाकडच्या खिडकीशी लावली. दुपारचं जेवण झालं की मी एकेका झाडाकडे बोट दाखवायचे आणि ते नाव सांगायचे. "लिं... बू." "शे... वगा." चुकले की मी पुन्हा म्हणायला लावायचे, आणि ते डाव्या हाताने कपाळ बडवून घ्यायचे, म्हणजे नशिबी मास्तरीण आली असं. चैत्र संपेपर्यंत अकराच्या अकरा नावं यायला लागली. मला तेवढंच हवं होतं. चालले नाहीत तरी चालेल, पण माझ्याशी बोलणारा माणूस मला परत हवा होता.

बाग आता माझ्या गळ्यात पडली होती, आणि तीही म्हातारी झालेली. हौदाला चीर गेलेली, पाईप उन्हाने तडकलेले, मांडवाचे अँगल गंजलेले, मागची भिंत ओलीने फुगलेली. एका कोपऱ्यातल्या पेरूला वाळवी लागली, तो मुळासकट काढावा लागला. बारा झाडांची अकरा झाली ती अशी.

२

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या हातून चूक झाली.

आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसासाठी मातीची एक नवी घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, गोड सांजोरी, आंबा. मग उंबऱ्यावर कुंकवाचं बोट उमटवायचं आणि मोठ्याने नाव घ्यायचं, म्हणजे तो माणूस येऊन पाणी पितो. आमच्या घरात तीन घागरी असतात. सासऱ्यांची, सासूबाईंची आणि लहानपणी गेलेल्या, भिला नावाच्या दिरांची. नावं दरवर्षी आबाच घ्यायचे. त्या वर्षी ते खाटेवर, भाग्येश सुरतला नोकरीवर, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

बाजारातून मी घागरी मात्र चार आणल्या होत्या. चौथी आबांच्या खोलीत प्यायच्या पाण्यासाठी. दोन महिने मला धड झोप नव्हती. सकाळी चारही घागरी धुतल्या, भरल्या आणि हात चालत होते तशा चारही भिंतीशी ओळीने मांडल्या. आबांची थोरली बहीण छबूबाई शेजारच्या गल्लीतून आली होती. ती ऐंशीच्या घरातली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

मी उंबऱ्यावर बोटं उमटवत गेले. सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूबाईंचं घेतलं, भिलांचं घेतलं. समोर अजून एक घागर होती, बोटाला कुंकू होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पितांबर."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी शिकलेली, नोकरी केलेली, तरी मीही कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी ते माझ्या तोंडात आलं, ते मेलेल्यांच्या ओळीत.

"काय करं वं तू?" छबूबाई म्हणाली.

"चूक व्हयनी, अक्का." मी घागर उचलायला धावले. तिने माझं मनगट धरलं.

"आते ऱ्हाऊ दे. बलायेल मानूसले तसाच धाडतस का? निवद दाखाड."

"अक्का, ते जित्ता शेतस! आतमा झोपेल शेतस."

"मंग जो ई, तो पी," जो येईल तो पिईल, असं ती म्हणाली, आणि चाचपडत चौथ्या घागरीवरही सांजोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते पाणी झाडांना घालायचं असतं. तीन घागरी मी लिंबांना आणि सीताफळाला घातल्या. चौथीचं पाणी कुठल्याच झाडाला घालायला माझं मन घेईना. पेरू काढल्याची जागा उघडी होती, तिथे ओतलं आणि घागर फोडून टाकली. संपला विषय, असं स्वतःला बजावलं.

३

पंधरा दिवसांनी पाणी सोडायला गेले तर पेरूच्या जागी आळं होतं.

रिकामं, गोल, हातभर रुंद. आतली माती ओली. माझ्या आळ्यांच्या कडा ओबडधोबड असतात. ही कड कुदळीच्या पाठीने थापटून गुळगुळीत केलेली होती. अशी थापटणारा एकच माणूस मला माहीत होता आणि तो खिडकीआड पाठीवर निजलेला होता.

मी वहाबला बोलावलं. वहाब आमच्या गावातला पंप आणि पाईप दुरुस्त करणारा. त्याच आठवड्यात त्याने तडकलेले पाईप बदलले होते.

"तू करं का रे हाई आळं?"

"मी पाईप जोडा, बाई," तो म्हणाला. "आळं कसाले करसू? तठे तं झाडच नही."

वहाब माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला आहे. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे मला तेव्हापासून ठाऊक. कान काही लाल झाले नाहीत. उलट तो वाकून आळ्याच्या कडेवर हात फिरवत म्हणाला, "काम मातर पक्कं शे. आबासारखं."

मी ते बुजवलं. चार दिवसांनी पुन्हा होतं. पुन्हा बुजवलं. मग मी रोजच्या दुधाच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. बुजवलं. आहे. बुजवलं. आहे. बत्तीस वर्षं मी वर्गात भुताखेताची एक गोष्ट सांगितली नाही आणि सांगणाऱ्याला बाकावर उभं केलं. तेव्हा मी सरळ विचार केला. थकलेलं माणूस स्वतःच काम करतं आणि विसरतं. आळं मीच करत असणार. तीस वर्षं आबांचं बघून हाताला त्यांचंच वळण पडलं असणार. हे उत्तर मला पटलं, आणि मी कॅलेंडरवर लिहिणं बंद केलं.

४

दुसऱ्या वर्षी बाग सुधारायला लागली.

हौदाची चीर बुजवायला वहाब आला तर ती आधीच बुजवलेली. मांडवाचे अँगल घासून लाल रंगवलेले. लिंबांच्या सुकलेल्या फांद्या तिरक्या छाटलेल्या आणि कापलेल्या जागी निळा लेप लावलेला. गावातल्या बाया फाटकातून डोकावून म्हणायच्या, बाईंनी आबांचं नाव राखलं. मी मान हलवायचे. काय सांगणार?

पण ज्या आठवड्यात लिंबं छाटलेली दिसली, त्याच आठवड्यात आबांना लिंबू म्हणता येईना. मी फळ आणून हातात दिलं. त्यांनी हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मांडव रंगवला गेला आणि मोगरा गेला. मग शेवगा. मग सीताफळ. मी तिसऱ्या शब्दाला घाबरले आणि चौथ्या शब्दाला मोजायचं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आत छोटे छोटे झटके येत असतील, वयाच्या मानाने होतं असं. ते चुकीचं म्हणत नव्हते. माझ्याकडे दुसरं म्हणण्यासारखं होतंच काय?

आबांनी खिडकीकडे बघणं बंद केलं. खाटेवर मान वळवून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे.

आवाज ऐकू यायला लागला तो त्याच उन्हाळ्यात. वैशाखात आमच्याकडे एक ते तीन बाहेर कुणी फिरकत नाही. देवळात आलेली माणसंही धर्मशाळेत आडवी होतात. त्या वेळी मागून यायचा. खर्र, खर्र. खुरपी मातीत ओढल्याचा. मी दार उघडलं की थांबायचा. बाहेर पांढरं ऊन, अकरा झाडांच्या आखूड सावल्या, आणि पेरूच्या जागचं आळं नुकतंच भिजवलेलं. दार लावलं की दहा अंक मोजेपर्यंत शांत. अकराव्याला खर्र.

एका दुपारी छबूबाई आबांपाशी बसली होती. मी चहा घेऊन आत आले. खुरपीचा आवाज चालू होता. छबूबाईने कान दिला आणि कौतुकाने हसली.

"इतला उनमा काय करी ऱ्हायना पितांबर? बलाव त्याले घरमा. झळा लागतीन."

आबा तिच्यापासून हातभर अंतरावर निजले होते. तिला ते दिसत नव्हते, एवढंच. पण आबांनी ते ऐकलं. त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी कप ठेवून खिडकी लावून घेतली.

५

त्या संध्याकाळी मी कुदळ, फावडं, खुरपी, कात्री, सगळं उचलून लोखंडी पेटीत घातलं. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यातल्या पोतीत. फाटकाला कुलूप. भिंतीवर काचा आधीपासून होत्या. आता मीच करत असेन तर मला पेटी उघडावी लागेल, आणि दुसरं कुणी करत असेल तर त्याला हत्यार मिळणार नाही. हिशेब साधा होता.

दुसऱ्या दुपारी खुरपीचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने वेगळा आवाज आला, मऊ, थप थप असा. मी दार उघडलं नाही. तीन वाजेपर्यंत आबांचा डावा हात धरून बसले, मग गेले.

आळं हातांनी केलेलं होतं. कडेला सगळीकडे तळव्यांचे ठसे होते, ओल्या मातीत नीट उमटलेले. मी खाली बसून ते बघितले. रुंद तळवा, आखूड अंगठा. हे हात मी त्रेचाळीस वर्षं ओळखते. आणि ठसे दोन्ही हातांचे होते. डावा, उजवा, डावा, उजवा, दोन्ही सारख्या जोराने दाबलेले.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला आनंद झाला. त्यांचा उजवा हात चालतोय, एवढंच माझ्या मनात आलं. मी त्या ठशावर माझा हात ठेवला आणि तिथेच बसून रडले. मग आतून आबांच्या खाटेचा आवाज आला आणि मी भानावर आले.

त्या दिवसापासून मी ते आळं बुजवलं नाही.

६

तिसऱ्या वर्षी आबांना माझं नाव येईना. मला ते हाक मारताना "अगं" म्हणायचे, तेही गेलं. नुसते बघायचे. बागेत मात्र सीताफळं फुटत होती आणि चिकूला खाली टेकू द्यावे लागले. टेकू मी दिले नव्हते.

मग माझं डोकं फिरलं. बागेला जेवढं मिळतंय तेवढं ह्यांचं जातंय, असं मी धरून चालले. बाग मेली तर? मी वहाबला बोलावून परसाचं पाणी तोडायला लावलं.

"भर उन्हायामा, बाई? जळी जातीन झाडं."

"जळू दे. तू बंद कर."

त्याने हौदाची चावी फिरवली, वरून पाईप काढला आणि गुमान निघून गेला. जाताना त्याने झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

चार दिवस गेले. झाडाचं एक पान वाळलं नाही. पेरूच्या जागचं आळं मात्र कोरडं पडलं, त्याला भेगा गेल्या. आणि आत आबांचे ओठ फुटले. मी पेल्यामागून पेला पाजत होते. ते प्यायचे, गिळायचे, आणि जीभ तरीही लाकडासारखी. हातावरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. शहाद्याला नेऊन सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पंचेचाळीस डिग्रीचं ऊन आहे, म्हातारी माणसं सुकतात. दोन बाटल्या गेल्या तरी ओठांच्या भेगा मिटेनात.

घरी आणल्यावर मी सरळ परसात गेले. चावी फिरवली, पाईप जोडायलाही थांबले नाही, बादलीने पाणी नेऊन त्या आळ्यात ओतलं. पाच बादल्या. परत आले तेव्हा आबांचे ओठ ओले होते. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि पेला कोरडा होता.

तेव्हा मला कळलं असं मला वाटलं. आबा आत नव्हतेच. आत नुसतं शरीर उरलं होतं. मी नाव घेतलं त्या दिवसापासून थोडे थोडे करून ते बाहेर गेले होते आणि बाहेरच राहत होते. मीच त्यांना तिथे बोलावलं होतं. माझ्या बुद्धीला हे पटत नव्हतं, पण ती बिचारी आता माझ्यापुढे फार बोलत नव्हती.

७

दिवाळीत भाग्येश गाडी घेऊन आला. आबांना बघून तो मटकन खाली बसला.

"आई, बस व्हयनं. तुम्ही दोन्ही सुरतले चला. रंजिताले मी सांगेल शे."

रंजिता म्हणजे सून, ती दवाखान्यात परिचारिका आहे. नाही म्हणायला मला कारण सापडेना. बागेला पाणी घालायला वहाबला सांगितलं. आबांना दोघांनी उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं, शेजारी मी. ते इतके हलके झाले होते की भाग्येशने तोंड फिरवलं.

तापीचा पूल ओलांडला. नंदुरबार मागे पडलं. आबांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, माझ्याकडे ते परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. माझ्या मनात एकच चाललं होतं. मी शरीर घेऊन चालले आहे आणि माणूस मागे ठेवून. तो दुपारी काम करेल, आणि दाराआड कुणीच नसेल.

खांडबाऱ्याला चहासाठी गाडी थांबली. भाग्येश टपरीकडे गेला. मी दार उघडलं. तेवढ्यात आबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

घट्ट धरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असे हात समोर येईल ते धरतात, त्यात अर्थ शोधू नका. ते माझ्याकडे बघतही नव्हते, समोरच्या काचेकडे बघत होते. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. करंगळीपासून सुरुवात केली. अंगठा शेवटी सुटला, आणि त्याचं नख माझ्या कातडीवर उमटलं.

नंदुरबारकडे जाणारी एसटी समोरच उभी होती. भाग्येशला मी बसमधून फोन केला. तो आधी ओरडला, मग रडला, मग म्हणाला, "आजारी मानूसले सोडीसन झाडंकडे चालनी तू?" मी फोन ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. रंजिता तेवढी मोबाइलवर दर आठवड्याला लिहायची, आबा ठीक आहेत.

८

दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत मी एकटी राहिले, पण एकटी होते असं म्हणता येणार नाही.

पेटीचं कुलूप काढून हत्यारं मी जागेवर ठेवली. दुपारी मागचं दार हातभर उघडं ठेवून आतल्या अंगाला पाटावर बसायचे. आता आवाज थांबत नव्हता. दार जास्त उघडलं नाही तर दिसायचंही थोडं. पेरूच्या जागच्या आळ्यात दोन्ही पाय पाण्यात सोडून कडेवर बसलेला माणूस. पाठ माझ्याकडे. बाह्यांची बंडी, वाकलेली मान, मानेवर उन्हाने काळी पडलेली घडी. उजवा हात पाणी उचलून पायांवर घ्यायचा. तोंड कधी दिसलं नाही. मी बोलावलं नाही आणि तेही वळले नाहीत.

मी त्या पाठीला गावातल्या गोष्टी सांगायचे. कुणाचं लग्न ठरलं, उसाची तोड कुठवर आली, छबूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी बोलायला लागले की खुरपी हळू चालायची. मी सुखात होते. हे सांगायला आज मला लाज वाटते, पण होते.

होळीच्या आधी चार दिवस, दुपारी दोनला, पुढच्या खोलीत फोन वाजला. मी पाटावरून उठून गेले. मागे खुरपी चालू होती.

"आई," भाग्येश म्हणाला. "आबा बोली ऱ्हायनात."

"काय?"

"महिना व्हयना. पयले एक एक शब्द. मी तुले सांगं नही, मले राग व्हता तुन्हा. आते पुरं बोलतस. रोज तुलेच इचारतस. तठेथून निंघनात अनी सुधरनात, आई. डॉक्टर बी म्हनस, नवल शे. ले, बोल त्यासले."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. कुणीतरी श्वास घेत होतं, एका अंगाने, अडखळत. तो श्वास मी ओळखला. तीन वर्षं रोज त्याच्या शेजारी निजले होते.

"अगं," आबा म्हणाले.

मी तिथेच जमिनीवर बसले.

"मी... धरेल व्हता... तुन्हा हात," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "तुले... जाऊ देनं... नव्हतं. तू कसाले... सोडा?"

करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाचही बोटं मी माझ्या हाताने सोडवली होती. ते मला परत जाऊ नको म्हणत होते. आतले तेच आबा होते, शेवटपर्यंत तेच होते, आणि मी त्यांना रस्त्यात टाकून आले होते. मग इतके दिवस मी कुणाजवळ बसत होते?

"येस मी तठे," मी कसंबसं म्हटलं. "मी आत्तेच निंघस."

मागे खुरपी थांबली.

हौदाचा नळ सुटला. पाणी कुणाच्या तरी पायांवर पडल्याचा आवाज आला, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. मग नळ बंद झाला. काम आटोपलं की माणूस हातपाय धुतो आणि घरात येतो. तीन वर्षांत बाहेरचं काम एकदाही आटोपलं नव्हतं.

मी बसल्या जागेवरून मान वळवली. मधल्या दारातून मागची खोली दिसत होती, रिकामी खाट दिसत होती, आणि तिच्यापलीकडे मी हातभर उघडं ठेवलेलं दार. दाराच्या कडेवर, आतल्या बाजूने, चार बोटं होती. ओली, नखांत माती भरलेली. उजव्या हाताची.

"बोल ना," फोनमध्ये आबा म्हणाले. "आयकू येस ना तुले?"

ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते. दारापाशीही कुणीतरी थांबलं होतं, आणि मी काय उत्तर देते ते ऐकत होतं.